आधी धबधबा, मग नारळ

भामाकाकींना गुपित सांगू नये, हे मला काष्टीत आल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं. त्या चहाडखोर होत्या असं कुणी समजू नका. पोटात ठेवायच्या सगळं. पण तीस वर्षं पिठाच्या गिरणीत उभं राहून त्यांचा आवाज असा झाला होता की कानात काही सांगायला वाकल्या तरी पलीकडच्या सायकलवाल्याला ऐकू जायचं. मी शाळेत चित्रकला शिकवायला आले होते आणि त्यांच्या गिरणीसमोरची खोली भाड्याने घेतली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा घेऊन दळायला गेले, तर काकी माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमच्या गव्हात किडे झालेत. कुनाला सांगत न्हाई मी." रांगेतल्या अकरा बायकांनी एकदम वळून माझ्या डब्याकडे पाहिलं. पुढे आठवडाभर मला प्रत्येकीने कडुनिंबाचा पाला आणून दिला.

उंची बेताची, अंग भरलेलं, भुवयांवर कायम पीठ. अंगठा आणि तर्जनी सतत एकमेकांवर घासत असायची, कारण चालू दळणातलं पीठ चिमटीत घेऊन पाहायची सवय. ती सवय गिरणीबाहेरही सुटली नव्हती. लुगड्याचा पदर, शेतातली माती, माझ्या वर्गातला खडू, जे हाताला येईल ते चिमटीत जायचं. एकदा आमच्या मुख्याध्यापकांनी नवा सदरा घातला होता, तर त्याचीही बाही काकींनी चिमटीत धरून पाहिली आणि "धुतल्यावर जाईल हे" असं सांगून टाकलं. गेलाच तो.

आणि कुणी काही विचारलं की काकींचा एकच उलटा प्रश्न असायचा. "बारीक सांगू का जाड?" बारीक म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्यांची नावं घेऊन, अर्धा तास. जाड म्हणजे एका वाक्यात. याच मुख्याध्यापकांच्या मुलीला जवळच्या गावातलं स्थळ आलं होतं आणि त्या घराचं दळण काकींकडे यायचं. सर चौकशीला आले. काकींनी विचारलं, "बारीक सांगू का जाड?" सरांना घाई होती. ते म्हणाले, "जाड." काकी म्हणाल्या, "नगं." झालं. सर तसेच माघारी गेले आणि दुसऱ्या दिवशी बारीक ऐकायला परत आले.

काकींचे यजमान नाना. गिरणीच्या दगडाला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने ठोकून त्याची धार परत आणायची, मोटार बघायची, पट्टा ओढायचा, हे नानांचं खातं. बोलायचं खातं संपूर्ण काकींकडे. नाना दिवसाकाठी दहा-बारा शब्द बोलत असतील, आणि त्यातलेही निम्मे मोटारीशी.

तर या बाईंच्या डोक्यात धबधब्याचं खूळ शिरलं ते एका मोबाइलमुळे. गल्लीतली मंगल दळण घेऊन आली होती. रांगेत उभी राहून मोबाइल बघत होती. काकींनी तो हातातून काढूनच घेतला. भंडारदऱ्याकडचा व्हिडिओ होता. हिरवागार डोंगर आणि वरून कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी. काकींनी तो तीनदा पाहिला. तेवढ्यात गिरणीतलं दळण संपून दगड नुसताच फिरायला लागला, तरी त्यांचं लक्ष नाही. नानांनी येऊन मोटार बंद केली. मग त्या शांततेत काकींनी विचारलं, "हे कुठलं गं?"

"आपल्याच जिल्ह्यातलं. अकोले तालुक्यातलं."

"आपल्या जिल्ह्यात? मग खाली कोन भरत न्हाई का हे पानी?"

सगळ्या हसल्या. काकी हसल्या नाहीत. त्यांचं माहेर पाथर्डीकडचं, पार कोरड्या अंगाचं. तिथे लहानपणी पहाटे उठून झऱ्याच्या खड्ड्यापाशी वाटी घेऊन बसायचं, पाझरेल तसं वाटी वाटीने हंड्यात भरायचं, हा त्यांचा रोजचा धंदा होता. "एक हंडा भरायला दोन घंटे," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "आन मधीच कुनाची शेरडी आली तर सगळं गढूळ. परत बसा." त्यात रडगाणं नव्हतं. त्या हे असं सांगायच्या की आपल्यालाच हसू यावं, आणि मग घरी गेल्यावर नळ सोडताना वाईट वाटावं.

काकींनी त्याच दिवशी जाहीर केलं, "श्रावनात आपन सगळ्या बाया धबधबा बघायला जायचं."

आता इथे गावची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. काष्टीत काय, आमच्या सगळ्याच भागात, बायकांची सहल निघते ती देवाला. देव असला की सासू सोडते, नवरा सोडतो, शेजारीण जनावरांना वैरण टाकते. त्यामुळे त्या पहिल्या वर्षी एकवीस बायका जमल्या खऱ्या, पण एकवीसजणींनी घरी एकवीस देव सांगितले होते. कुणाचा नवस फेडायचा होता, कुणाच्या सासूने ओटी पाठवली होती. मिनीबस निघाली नगरच्या रस्त्याने आणि तो रस्ता म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, दर दहा कोसांवर एकेक मोठं देवस्थान. "दोन मिनिटं," असं म्हणून बायका उतरायच्या आणि पाऊण तासाने बांगड्या, चाळण्या आणि प्रसाद घेऊन यायच्या. तिसऱ्या देवाच्या रांगेत दुपारचे दोन वाजले. पाचव्या देवाला साडेचार. संगमनेरच्या अलीकडे ड्रायव्हर बबनने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "काकी, आता फुडं गेलो तर धबधब्याचा नुसता आवाज ऐकाल. अंधार पडंल."

काकींनी एकवीसजणींकडे वळून पाहिलं. कपाळावर बुक्का, हातात पेढे, तोंडावर समाधान. एकीला म्हणून धबधबा आठवत नव्हता. काकी म्हणाल्या, "फिरव."

मी शेजारीच बसले होते. बाई परतीच्या सगळ्या रस्त्यात एक अक्षर बोलल्या नाहीत. काकी गप्प आहेत म्हटल्यावर मला धास्तीच वाटली. आणि गावाने तरी गप्प बसावं की नाही? महिनाभर दळण टाकायला येणारा प्रत्येक बाप्या विचारायचा, "काय काकी, कसा हाय धबधबा? लई उंच हाय का?" काकी दाणे ओतत राहायच्या. त्यांना ते फार लागलं होतं. मला म्हणाल्या, "बाई, फुडच्या खेपंला न्हाई गेलो तर मी परत नाव काढनार न्हाई. पन जायचं तर देव न्हाई. देवाचं नाव सांगून आपली हौस भागवायची, हे खोटं हाय. देवाला बी ते आवडत नसंल. हौस हाय, तर हौस हाय म्हनायचं."

एवढं साधं वाक्य. पण ते काष्टीत बोलून दाखवणं किती अवघड होतं, हे पुढे दिसलं.

दुसऱ्या वर्षीची तयारी उन्हाळ्यातच सुरू झाली. काकींनी मला हाताला धरून गिरणीत नेलं, आतली भिंत झाडून घेतली आणि म्हणाल्या, "हितं रस्ता काढा." मी रंगीत खडूंनी काष्टी काढली, भंडारदरा काढला आणि मधल्या जागेत दळणाला येणाऱ्यांनी आपापला रस्ता घातला. दुधाच्या टँकरवाल्याने एक सांगितला, कांद्याच्या व्यापाऱ्याने दुसरा, एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरने तिसरा. गंमत अशी की प्रत्येकाचा रस्ता त्याच्या सासुरवाडीवरून जायचा. काकी ऐकून घ्यायच्या आणि शेवटी एकच विचारायच्या, "ह्या रस्त्यावर देव किती?"

कारण नकाशावर देव दाखवायचे होते. प्रत्येक देवळाला एक लाल झेंडा. नगरच्या रस्त्यावर इतके झेंडे झाले की रस्ताच दिसेना. मी आयुष्यात पुष्कळ नकाशे काढले, काढवून घेतले, पण देव चुकवण्यासाठी काढलेला तो एकच. रोज त्याच्यावर पीठ बसायचं आणि रोज सकाळी काकी कुंचा फिरवून तो मोकळा करायच्या, हलक्या हाताने, खडू पुसू नये म्हणून. शेवटी ठरला तो शिरूरवरून, बेल्हे, आळेफाटा, मग ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर. सगळ्यांत कमी झेंडे. एक आळ्याची, वेद बोललेल्या रेड्याची समाधी तेवढी वाटेत होती. "तिथं गाडीतूनच हात जोडायचे," काकींनी ठरवून टाकलं. "बबन गाडी सावकास घेईल, थांबनार न्हाई."

दुसरा नियम, नारळ न्यायचा नाही. नारळ पिशवीत असला की देव आपोआप समोर येतो, असं काकींचं म्हणणं होतं, आणि मला ते पटलं.

मग सुरू झाली परवानगी. एकवीस बायकांपैकी देव नाही म्हटल्यावर चौदा लगेच गळाल्या. उरलेल्यांच्या घरी काकी स्वतः गेल्या. सगळ्यांत अवघड घर मंगलचं, कारण मंगलची सासू सोनाबाई. सोनाबाई म्हणजे गल्लीतलं शेवटचं कोर्ट. त्यांनी हो म्हटलं की बाकीच्या सासवा मुकाट्याने हो म्हणायच्या. मी मुद्दाम काकींबरोबर गेले होते, तमाशा बघायला म्हणा ना.

सोनाबाईंनी बसायला पाट दिला. "देव कुठला?" त्यांनी विचारलं.

"देव न्हाई," काकी म्हणाल्या.

"तिथं एखादं ठानं आसंलच की. त्याचं नाव सांग, मी सोडते तिला."

"आसंल. पन त्याच्यासाठी न्हाई जायाचं. पानी बघायला जायाचं."

"नुस्तं पानी?"

"नुस्तं."

"आन कशापायी?"

"हौस हाय."

सोनाबाईंनी पदर सावरला. "आमी केली का कधी हौस? साठ वर्सं झाली या घरात येऊन."

"न्हाई केली," काकी म्हणाल्या. "मी बी न्हाई केली. लई वाईट झालं ते."

सोनाबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. काकी दुसऱ्या दिवशी परत गेल्या. सोनाबाई बाजरी निवडत बसल्या होत्या, काकी समोर बसून खडे काढू लागल्या. विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सोनाबाईच म्हणाल्या, "ने तिला. पन मी सोडली आसं कुठं बोलू नको." हे काकींनी मला गुपित म्हणून सांगितलं, त्यामुळे तासाभरात गल्लीभर झालं. बाकीच्या सासवांचा प्रश्नच मिटला. मंगल, मी, काकी धरून आम्ही नऊजणी झालो. बबनची जीप पुरेशी होती.

बाकी होती ती गिरण. आजारपणं, लग्नं, दिवाळी, काहीही असो, काकी गिरण सोडून दिवसभर कुठे गेल्या नव्हत्या. पहिल्या वर्षी तेवढ्या गेल्या, आणि हात हलवत आल्या. नानांना त्यांनी चार दिवस शिकवलं. कुणाचं दळण बारीक, कुणाचं जाड, कुणाच्या बाजरीवर कुणाची डाळ टाकायची नाही. नाना मान हलवत होते. चौथ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं. "जा की. पीठ काय पळून चाललंय?" नानांचं एवढं लांब भाषण मी प्रथमच ऐकलं.

भाद्रपदात, बाजाराचा दिवस सोडून, पहाटे पाचला निघालो. संध्याकाळी आठच्या आत घरी, हा काकींनी सगळ्या घरांना दिलेला शब्द होता. म्हणून बबनने हिशोब केला की दुपारी अडीचला तिथून निघायलाच हवं. आळे आलं तसा त्याने वेग कमी केला, नऊजणींनी खिडक्यांतून हात जोडले, "माउली, उतरत न्हाई, माफ कर," असं काकी सगळ्यांच्या वतीने ओरडल्या आणि गाडी पुढे गेली. रस्त्यावरचा एक चहावाला दचकून उभा राहिलेला मला अजून आठवतो.

ब्राह्मणवाड्याच्या पुढे रान बदललं. ऊस मागे पडला, भाताची खाचरं लागली, डोंगर जवळ आले. काकी खिडकीतून हात बाहेर काढून हवा चिमटीत पकडत होत्या. "ओली हाय," त्या प्रत्येक वळणावर सांगत होत्या. मंगल उलट्या करत होती आणि दोन उलट्यांच्या मध्ये गाणी म्हणत होती. फार मजेत गेलो आम्ही. राजूर मागे टाकलं, अकराच्या सुमारास रंधा धबधब्यापाशी उतरलो, पायऱ्या उतरून कठड्यापाशी गेलो, आणि समोर पाहिलं तर काही नाही.

काही म्हणजे काहीच नाही. नुसतं धुकं. पांढरं, गच्च, हाताला लागेल असं. खालून पाण्याचा प्रचंड आवाज येत होता, पाय ठेवला ती फरशी थरथरत होती, तोंडावर तुषार बसत होते, पण दिसत होता फक्त कठडा आणि त्याला धरून उभ्या नऊ बायका. मला तर रडूच आलं. एका सहलीत देवांनी धबधबा दिसू दिला नाही, दुसऱ्या सहलीत धुक्याने. आता काष्टीतला प्रत्येक बाप्या काय विचारणार हे मला आधीच ऐकू येत होतं.

एकजण फिरून आली ती ओरडतच. "काकी, देव निघाला! हितं शेजारीच देवीचं देऊळ हाय!"

बायकांमध्ये एकदम जीव आला. आणि मंगलने पिशवीत हात घालून, मान खाली घालून, एक नारळ बाहेर काढला. "सासूबाईंनी दिलाय. म्हनल्या, कुठंतरी फोड, पन भामाला सांगू नको."

"बघा!" बाकीच्या म्हणाल्या. "तरीच धुकं हटत न्हाई. नारळ आनून फोडला न्हाई म्हनून. आधी नारळ फोडा, देवी धुकं काढंल."

सगळ्या काकींकडे बघत होत्या. घड्याळात साडेअकरा झाले होते. बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या, भुवयांवर पिठाच्या जागी पाण्याचे थेंब. मला वाटलं, आता हो म्हणतील. कुणीही म्हटलं असतं. मी म्हटलं असतं.

"नारळ सोनाबाईचा हाय, तो फोडायचाच," काकी म्हणाल्या. धबधब्यापाशी आम्हा बाकीच्यांना एकमेकींचं बोलणं ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. काकींचं मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. "पन आधी धबधबा, मग नारळ. आता फोडला आन धुकं गेलं, तर तुमी गावात काय सांगाल? देवीनं दाखवलं. मग आपली ही देवीचीच सहल झाली. फुडच्या वर्सी परत सगळ्यांना देव सांगूनच घराभाईर पडावं लागंल. दम काढा."

"आन न्हाई गेलं धुकं तर?"

काकींनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "तर न्हाई बघितला म्हनून सांगायचं. त्याला काय झालं?" पण त्यांचा अंगठा तर्जनीवर जोरात घासत होता, ते मी पाहिलं.

वर टपरी होती. तिथे एक बाई मक्याची कणसं भाजत होती, नागलीच्या भाकरी करून देत होती. आम्ही आमच्या बाजरीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी फडक्यातून सोडली. काकींनी त्या बाईच्या पिठात चिमूट घातली. "जाड दळलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या गिरनीला टाकी लावाया झालीय. सांगा त्याला, काष्टीची बाई म्हनत हुती." टपरीवाली हसून हसून भाकरी करपवायला लागली. धुकं केव्हा जातं, असं विचारलं तर म्हणाली, "दुपारच्याला जातं कधी. कधी न्हाई बी जात."

एक वाजला. दीड वाजला. काकी दर दहा मिनिटांनी पायऱ्या उतरून कठड्यापाशी जायच्या आणि परत यायच्या. गुडघे दुखत होते त्यांचे, पण कुणाला बरोबर येऊ देत नव्हत्या. दोन वाजता बबन येऊन म्हणाला, "काकी, अर्धा तास राह्यला." मंगलने नारळ मांडीवर घेतला होता आणि काकींकडे नुसती बघत होती. पण एकीनेही परत नारळाचं नाव काढलं नाही. मला त्या बायकांचं तेव्हा फार कौतुक वाटलं.

सव्वादोनला वारा सुटला. आम्ही खाली पळालो. धुकं आधी वरच्या अंगाला पातळ झालं, मग मधोमध फाटलं, आणि ते पाणी दिसलं. तांबूस-पांढरं, रुंद, दरीत स्वतःला लोटून देत असलेलं. मी त्याचं चित्र पुढे चारदा काढलं, एकदाही जमलं नाही. बायका किंचाळल्या, एकमेकींना मिठ्या मारल्या. मंगल तर नारळासकट नाचली.

काकी कठडा धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या. पुसतही नव्हत्या. "केवढं हे," त्या म्हणाल्या. "केवढं हे, बाई! आन कुनी रांगंत बसलं न्हाई याच्यासाठी. कुनी वाटी लावली न्हाई." मग थोड्या वेळाने, "लहानपनी हे दिसलं आसतं ना, तर याड लागलं आसतं मला."

शेजारी पुण्याकडची चार-पाच पोरं फोटो काढत होती. त्यांतल्या एकाने आदराने विचारलं, "आजी, देवीच्या दर्शनाला आलात का?"

"न्हाई रे," काकी म्हणाल्या. "धबधबा बघायला. मुद्दाम आले काष्टीवरनं."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. नाना. कुणाचंतरी दळण बारीक की जाड ते विसरले होते. काकींनी ते सांगितलंच नाही. "आवो, हे ऐका," असं म्हणून त्यांनी मोबाइल धबधब्याकडे धरला. चांगला मिनिटभर धरला. मग कानाला लावला. पलीकडून नाना काय म्हणाले ते मलाही ऐकू आलं, कारण काकी मोबाइलचा आवाज कायम मोठा ठेवायच्या आणि मी त्यांना खेटून उभी होते.

"हे तर आपल्या गिरनीवानीच वाजतंय की," नाना म्हणाले.

"व्हय," काकी म्हणाल्या. "पन हिला दळायचं न्हाई."

जाताना देवळात गेलो. मंगलने सोनाबाईंचा नारळ फोडला. काकींनी हात जोडले आणि देवीला आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "आई, तुझ्यासाठी आले न्हाई, खोटं कशाला बोलू? फुडच्या येळंला तुझ्यासाठी येईन. तू रागावू नको." पुजारी डोळे विस्फारून बघत राहिला. अडीचच्या ठोक्याला गाडी हलली आणि आठला दहा कमी असताना आम्ही काष्टीत होतो. दुसऱ्या दिवशी गिरणीत पहिला बाप्या आला, त्याने सवयीने विचारलं, "काय काकी, कसा हाय धबधबा?" काकींनी त्याला बारीक सांगितलं. त्याला कामावर जायला उशीर झाला.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली बेलापूरला झाली. निघायच्या सकाळी काकींचा निरोप घ्यायला गेले. टेम्पोत सामान भरून झालं होतं, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. गिरणीत ही रांग. आणि रांगेत, डोक्यावर डबा घेऊन, सोनाबाई. त्यांच्या घरचं दळण नेहमी मंगल आणायची. सोनाबाईंना गिरणीच्या पायरीवर मी तीन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. काकींनीही पाहिलं नसावं, कारण त्या हातातलं सूप तसंच धरून थांबल्या.

सोनाबाईंनी डबा ठेवला. इकडेतिकडे बघितलं. मग काकींच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलल्या. मोटार चालू होती, आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण काकींचं उत्तर नेहमीप्रमाणे सगळ्यांना ऐकू आलं.

"जीपमधी जागा हाय की. पन कशाला यायचंय तुमाला?"

सोनाबाई पुन्हा कानाशी काहीतरी बोलल्या.

"नवस न्हाई चालायचा," काकी म्हणाल्या. "नीट सांगा."

सोनाबाईंनी रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागाने चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, डबा उचलून चालत्या होतील. टेम्पोवाला तिसऱ्यांदा हॉर्न देत होता, मी पायरीवरून हलले नाही. मग त्या साठ वर्षं या गावात नांदलेल्या बाईंनी गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं,

"हौस हाय म्हनून!"

काकींनी सूप खाली ठेवलं, माझ्याकडे बघून हात हलवला, आणि खडू शोधून भिंतीवर यंदाचं पहिलं नाव लिहायला वळल्या.